मिश्रीची डबी आणि तीन बोटं

गणपतीला चाकरमानी पोरं गावी पोचतात, तेव्हा काकी-आत्या सकाळी पडवीत मिश्रीची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीची, डबी घेऊन बसलेल्या असतात. विषय काढायचा तो तिथेच. पण "कॅन्सरची तपासणी करून घे" म्हणालात की "माका काय एक झाला नाय" येतं आणि बोलणं संपतं. त्यापेक्षा आत्याला तिचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांत घालायला सांगा. दोनच जात असतील तर तोंड आखडू लागलंय; सुपारी-गुटख्याने गालाची आतली कातडी ताठ होते. मग बॅटरी लावून गाल, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग बघा. मिश्री घासते त्या हिरडीवर जास्त वेळ थांबा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर डॉक्टरांना दाखवायचंच. सुरुवातीला हे दुखत नाही, म्हणूनच माणसं थांबतात.

काही दिसलं नाही तरी उपकेंद्रात न्या. तिशीपुढच्या सगळ्यांची तोंडाची आणि बायकांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत होते. आशाताई आधी फॉर्म भरतात. त्यात तंबाखूचा प्रश्न आला की बायका सरळ "नाही" म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी तंबाखू नव्हेच. तिथे तुम्ही "रोज मिश्री लावते" असं स्पष्ट सांगा.

गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभराने पांढरे डाग पाहतात. पाळीच्या दिवसांत ही तपासणी होत नाही. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली असतील तर तिच्यावर विसंबू नका: बघायचा भाग आत सरकलेला असतो. अशा काकीसाठी पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची) किंवा एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची) चाचणी कुठे होईल ते विचारा. डाग दिसला म्हणजे कॅन्सर नव्हे, हे तिला आत जाण्याआधीच सांगून ठेवा.

खरी गळती पुढे होते. पुढच्या तपासणीची चिठ्ठी रेशनकार्डाच्या पिशवीत जाते आणि पोरं मुंबईला परततात. म्हणून आशाताईंना गावी निघण्याच्या आठ दिवस आधी फोन करा, सुट्टीचा दिवस टाळा, गौरी गेल्यानंतरची तारीख घ्या आणि परतीचं तिकीट त्यापुढे दोन दिवसांनी काढा. तालुक्याला किंवा चिपळूणजवळ डेरवणच्या हॉस्पिटलात जायचं झालं तर गाडी, गुरांचं चारापाणी आणि दुपारची चूल कोण बघणार, हे आदल्या रात्री ठरवा. बायका बहुतेक वेळा तिथेच अडतात.