आई हॉस्पिटलात, घरी दोन लहान मुलं

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण सापडू लागले, तेव्हा आम्ही इथे जर्मनीत रोज बातम्या बघत होतो. सासू-सासरे त्याच भागात राहतात, त्यामुळे घोर त्यांचा होता. एप्रिलमध्ये तोच आजार आमच्याकडे आला, बायकोला.

आधी पोट बिघडलं, ते बरंही झालं. मग पायांना मुंग्या यायला लागल्या आणि दुसऱ्या दिवशी तिला जिना चढवेना. मी ११२ला फोन लावला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते आणि अशक्तपणा पायांकडून वर सरकत जातो. पाठीतलं पाणी तपासलं, मग पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं, शिरेतून दिलं. दर काही तासांनी नर्स येऊन तिला एका नळीत जोरात फुंकायला लावायची. त्यावरून श्वासाचा जोर कळायचा. तो आकडा उतरला तर आयसीयू, हे आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. सुदैवाने उतरला नाही.

पुण्याहून रोज फोन यायचे आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच: "तिथे तुमचं कोण आहे? पोरांकडे कोण बघतंय?" आई-बाबांना लगेच बोलावणं शक्य नव्हतं. शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा, कागदपत्रं, यात दिवस जातातच. आणि घरी पाच वर्षांची मुलगी, दोन वर्षांचा मुलगा.

मार्ग दाखवला तो हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातल्या बाईंनी. घर सांभाळणारी व्यक्ती हॉस्पिटलात असेल, घरी बारा वर्षांखालचं मूल असेल आणि घरातलं दुसरं कोणी ते काम करू शकत नसेल, तर सरकारी आरोग्य विमा घरकामाला माणूस देतो. याला इथे हाउसहाल्ट्सहिल्फं म्हणतात. आपण भरायचे ते खर्चाच्या दहा टक्के, म्हणजे दिवसाला किमान पाच आणि कमाल दहा युरो. अर्ज त्यांनीच माझ्यासमोर बसून भरला. इथल्या आपल्या किती घरांना ही सोय माहीतच नाही! आजारी माणसाचा हा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत. म्हणून तर इतकं सविस्तर लिहितोय.

पन्नाशीच्या एक बाई येऊ लागल्या. मुलांना किटामधून, म्हणजे बालवाडीतून आणायचं, जेवायला घालायचं, कपडे, भांडी, सगळं त्या बघायच्या. धाकटा वरण-भाताशिवाय काही खायचा नाही. मी त्यांना कुकर लावून दाखवला. पहिल्या शिट्टीला त्या दचकून मागे सरल्या. पुढे माझी मुलगी ओट्याशी उभी राहून त्यांना शिट्ट्या मोजून द्यायला लागली, मराठीतच. परक्या बाईच्या हातात आपलं स्वयंपाकघर द्यायचं हे बायकोला फार जड गेलं होतं. मुलीने फोनवर "आई, आज वरण छान झालं होतं" असं सांगितलं तेव्हा कुठे ती जरा निवांत झाली.

मुलांपासून आम्ही काही लपवलं नाही. "आई आता चालणारच नाही का?" असं मुलीने विचारलं. मी सांगितलं, पायांच्या नसा आजारी आहेत, बऱ्या होतील, पण वेळ लागेल. डॉक्टर मला जे सांगत होते तेच. वॉर्डात गेल्यावर ती आईच्या पावलांना तेल लावायची, फिजिओथेरपिस्टने दाखवलं तसं. धाकटा मात्र पहिल्या भेटीत आईजवळ गेलाच नाही, दारातच रडत उभा राहिला. ते बघणं दोघांनाही कठीण गेलं.

पैशांची ओढाताण झाली नाही. पहिले सहा आठवडे पूर्ण पगार कंपनी देते, त्यानंतर विमा साधारण ७० टक्के देतो. रिहॅब झालं, जूनमध्ये आई-बाबाही आले. आता ती काठीशिवाय चालते, दुपारनंतर मात्र दमते. कामावर हळूहळू परतायची इथे पद्धत आहे, आधी दिवसाचे थोडेच तास, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने वाढवत जायचे. तिचं वेळापत्रक ठरलंय, सोमवारपासून सुरुवात आहे.