बंगल्यावर मजला चढवताना परवानगीचा खर्च कसा काढला

घरावर मजला चढवायचं ठरलं की सगळे आधी बांधकामाचा दर विचारतात, चौरस फुटाला किती? परवानगीला किती, हा प्रश्न मागून येतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा "होतील लाखभर" असं अंदाजपंचे मिळतं. खरं तर हा आकडा अर्ज करण्याआधीच घरी बसून काढता येतो. त्यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी लागते. महापालिकेचं विकास शुल्क तुमच्या कामाच्या खर्चावर लागत नाही. खाली इटालियन संगमरवर बसवा नाहीतर शहाबादी फरशी, शुल्क तेवढंच. ते ठरतं दोन आकड्यांवर: वाढणारं क्षेत्रफळ आणि त्या जागेचा रेडी रेकनरमधला, म्हणजे सरकारच्या वार्षिक दरतक्त्यातला, जमिनीचा दर.

माझं काम मुंबईबाहेरच्या एका महापालिकेच्या हद्दीतलं. तिथे डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे युडीसीपीआर, लागू आहे. बृहन्मुंबईची नियमावली वेगळी, त्यामुळे खालचा हिशेब तिथे जसाच्या तसा लावू नका. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत: भूखंड २०० चौ. मी., समोरचा रस्ता ९ मीटर, तळमजला बांधलेला, वर ७५ चौ. मी. चा मजला.

आधी परवानगी लागते का ते पाहा. रंग, गिलावा, फरशी बदलणं, ओटा नवा करणं, फॉल्स सीलिंग, आहे त्याच जागी दारं-खिडक्या बदलणं, यांपैकी कशालाच बांधकाम परवानगी लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये फक्त आतल्या भागापुरती किंवा बाहेरच्या स्वरूपात फारसा फरक न करणारी दुरुस्ती वगळलेली आहे. वारसा वास्तू असेल तर गोष्ट वेगळी. फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी परवानगी मात्र लागतेच, आणि बीम किंवा कॉलमला हात लागणार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय घण उचलू नये. नवी खोली, बाहेरून जिना, मजला यांना परवानगी लागते. गच्चीवर पत्रा टाकून चारही बाजूंनी बंद केलेली शेडसुद्धा बांधकामात मोजली जाते. "पत्राच तर आहे" या समजुतीत फार लोक अडकतात.

कागद जमवताना सगळ्यात आधी मूळ मंजूर नकाशा शोधा. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, मोजणी नकाशा, सर्व सहमालकांची संमती, मालमत्ता कराची थकबाकी नसल्याचा दाखला हे सगळं मिळतं. अडतं ते जुन्या नकाशावर आणि भोगवटा प्रमाणपत्रावर, म्हणजे काम पूर्ण झाल्यावर इमारत वापरायला पालिका देते त्या परवानगीवर. घरात नसतील तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून बांधकाम विभागाच्या अभिलेख कक्षातून प्रमाणित प्रत मागा. मला ती मिळायला पाच आठवडे लागले, म्हणून वास्तुविशारद नेमण्याच्याही आधी हा अर्ज टाकावा असं मी सांगेन. मालमत्ता कराची पावती हा परवानगीचा पुरावा नाही. अनधिकृत बांधकामालाही कर आकारला जातो. तीस वर्षांच्या पावत्या हातात असूनही नकाशा नसल्यामुळे फाईल अडल्याची उदाहरणं जागोजागी सापडतील.

नकाशा हातात आला की टेप घेऊन घर मोजा. हे काम आळस न करता करा, कारण पैशांचा पहिला धक्का इथेच बसतो. मंजूर नकाशावर तळमजला ८२ चौ. मी. होता, प्रत्यक्षात भरला ९५. मागच्या बाजूला पूर्वी कधीतरी बांधलेली धुण्याभांड्यांची खोली नकाशात नव्हतीच. वरचा मजला मागितला की पालिका खालचं बांधकामही तपासते, आणि ते १३ चौ. मी. नियमित केल्याशिवाय पुढची परवानगी मिळत नाही. म्हणजे शुल्क ७५ वर नाही, ८८ चौ. मी. वर धरायचं, आणि जुन्या भागावर तडजोड शुल्क, म्हणजे विनापरवाना बांधकाम नियमित करण्याचा दंड, वेगळं. ती खोली सामासिक अंतरात, म्हणजे घर आणि भूखंडाची हद्द यांमध्ये मोकळ्या सोडायच्या जागेत, आली असती तर नियमित होण्याची खात्रीच नव्हती, पाडावी लागली असती. हे अर्जाआधी कळलं तर निर्णय तुमच्या हातात राहतो. अर्जानंतर कळलं तर त्रुटीपत्र येतं आणि महिना जातो.

दुसरा धक्का गच्चीवर. जुन्या बंगल्यांत पुढे मजला चढवायचा म्हणून कॉलमच्या सळया फूट-दीड फूट वर सोडलेल्या असतात आणि त्यांच्याभोवती हलकं काँक्रीट भरून ठोकळे केलेले असतात. वरून हे ठोकळे धडधाकट दिसतात. छिन्नीने फोडले तेव्हा आतल्या १६ मि.मी.च्या सळईवर गंजाचे पापुद्रे सुटत होते, आणि जिथे सळई स्लॅबमधून बाहेर येते त्या मानेपाशी व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तर १३.५ मि.मी. भरली. पावसाचं पाणी नेमकं तिथेच साचतं. वर कितीही चांगली सळई असली तरी जोड त्या मानेवरच येणार, त्यामुळे अशा सळईला नवी सळई जोडून चालत नाही. कॉलमचं डोकं चांगली सळई लागेपर्यंत फोडायचं, किंवा भोक पाडून केमिकल टाकून नवी सळई रोवायची, हे दोनच मार्ग. शिवाय काँक्रीट न फोडता त्याचा दर्जा तपासणाऱ्या रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी या चाचण्या, एखाद-दोन ठिकाणी पाया उघडून मापं, आणि मग स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र. ते नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. या साऱ्यावर आणि नकाशांवर मिळून झालेला खर्च पालिकेच्या शुल्कापेक्षा जास्त भरला. वास्तुविशारद आणि इंजिनिअर जीएसटी नोंदणीकृत असतील तर त्यांच्या फीवर १८ टक्के वेगळे. बोलणी करताना "जीएसटीसह का?" हे आधीच विचारा.

आता विकास शुल्काचा हिशेब. याचे दोन भाग असतात, जमिनीवरचा आणि बांधकामावरचा. निवासी वापरासाठी मूळ दर जमिनीच्या क्षेत्रावर रेडी रेकनर दराच्या ०.५ टक्के आणि बांधकामाच्या क्षेत्रावर २ टक्के. जमिनीचा दर चौरस मीटरला २४,००० धरला तर बांधकामाचा भाग चौरस मीटरमागे ४८० रुपये. ७५ चौ. मी. चे ३६,००० आणि जुन्या १३ चे ६,२४०, मिळून ४२,२४० रुपये. जमिनीचा भाग २०० चौ. मी. वर २४,००० होतो, पण तो मूळ परवानगीच्या वेळी भरलेला असेल तर त्या पावतीची प्रत अर्जालाच जोडा. पावती नसेल तर तो पुन्हा मागणीपत्रात येतो. मेट्रोसारखा महत्त्वाचा वाहतूक प्रकल्प सरकारने अधिसूचित केलेल्या शहरांत विकास शुल्क दुप्पट होऊ शकतं. तुमच्या शहरात तशी वाढ आहे का, हे आधी विचारून मगच गुणाकार करा.

चूक होते ती दर निवडताना. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि मूल्य विभाग निवडला की एका ओळीत वेगवेगळे दर दिसतात: खुली जमीन, निवासी सदनिका, कार्यालय, दुकान, औद्योगिक. विकास शुल्काला खुल्या जमिनीचा दर लागतो. शेजारच्या रकान्यातला सदनिकेचा ५८,००० चा दर चुकून धरला गेला, तर ७५ चौ. मी. चे ३६,००० ऐवजी ८७,००० होतात. मागणीपत्रावर नुसती एकूण रक्कम पाहून पैसे भरू नका. दर, क्षेत्र आणि टक्केवारी असे तीन आकडे वेगळे काढून गुणाकार स्वतः करा. तसंच तुमचा सर्व्हे नंबर नेमका कोणत्या मूल्य विभागात येतो ते पाहा. मोठ्या रस्त्यालगतचा विभाग आणि आतल्या गल्लीचा विभाग यांच्या दरांत मोठी तफावत असते.

दर दरवर्षी १ एप्रिलला ठरतात. काही वर्षं ते तसेच ठेवले जातात, पण १ एप्रिल २०२५ ला वाढले. शुल्क परवानगी देतानाच्या दराने लागतं, अर्जाच्या तारखेच्या दराने नाही. जानेवारीत अपुरी फाईल दाखल करून ती त्रुटीत अडकली आणि एप्रिल उजाडला, तर वाढीव दर भरावा लागतो.

चटईक्षेत्राचा हिशेब माझ्या बाबतीत सोपा निघाला. मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.१०, म्हणजे २०० चौ. मी. वर २२० चौ. मी. बांधता येतं. ९५ अधिक ७५ म्हणजे १७०, मर्यादेच्या आत, त्यामुळे प्रीमियमची, म्हणजे जादा बांधकामासाठी पालिकेला भरायच्या रकमेची, गरज पडली नाही. पण हे १७० मोजताना जिना आणि बाल्कनी धरलेली आहे, हे विसरू नका. पूर्वी प्रीमियम भरून हे भाग क्षेत्राबाहेर ठेवता येत. युडीसीपीआरमध्ये बाहेरच्या हद्दरेषेच्या, म्हणजे पी-लाइनच्या आत येणारं बांधकाम मोजलं जातं. जुन्या नकाशावरचं क्षेत्रफळ जुन्या पद्धतीने काढलेलं असतं, ते तसंच उचलून नव्यात मिळवलं तर हिशेब चुकतो. मर्यादेपलीकडे जायचं असेल तर प्रीमियम चटईक्षेत्र जमिनीच्या दराच्या ३५ टक्क्यांनी मिळतं, म्हणजे वरच्या उदाहरणात चौरस मीटरला ८,४०० रुपये. विकास शुल्काच्या ४८० शेजारी हा आकडा ठेवून पाहा, मग दहा चौरस मीटरची हौस किती महाग आहे ते कळेल. आणि रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर हे प्रीमियम चटईक्षेत्र मिळतच नाही.

कामगार कल्याण उपकर बांधकाम खर्चाच्या १ टक्का. हा एकच आकार बांधकामाच्या मूल्याशी जोडलेला आहे, पण तिथेही पालिका तुमची बिलं बघत नाही, रेडी रेकनरमधला बांधकाम दर धरते. २६,००० च्या दराने ७५ चौ. मी. चं मूल्य १९.५ लाख, उपकर १९,५००. १९९६ च्या कायद्यात स्वतःच्या राहत्या घराला १० लाखांपर्यंत सूट होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा ५० लाख आहे. माझी फाईल त्याआधीची, म्हणून उपकर भरला. आता कोणी एवढ्या कामासाठी मागणीपत्रात उपकर लावला असेल तर संहितेचा आधार देऊन लेखी विचारणा करा.

छाननी शुल्क, सुरक्षा अनामत, राडारोडा उचलण्याचा आकार, बांधकामासाठी पाणी हे बाकीचे मथळे. दर पालिकेगणिक वेगळे, रकमा तुलनेने लहान. छोट्या भूखंडांसाठी, १५० चौ. मी. पर्यंत आणि त्यापुढे ३०० पर्यंत, परवानगीची जलद पद्धत आहे. तिच्यात नियम पाळल्याची जबाबदारी नकाशावर सही करणाऱ्या परवानाधारकावर येते. शुल्क मात्र माफ होत नाही, हे जाहिरातींत कोणी ठळकपणे सांगत नाही.

अर्ज ऑनलाइनच जातो. नकाशा ठरलेल्या लेयरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशाच्या वेगवेगळ्या थरांत, काढलेला असावा लागतो, कारण क्षेत्रफळ प्रणाली स्वतः मोजते. भिंतीची रेषा एका कोपऱ्यात बंद झाली नाही तरी ती खोली मोजली जात नाही आणि फाईल परत येते. माझी एकदा परत आली ती जिन्याच्या चुकलेल्या लेयरमुळे. वास्तुविशारदाने चढवण्याआधी क्षेत्रफळ तक्ता तुम्हाला कागदावर द्यावा असा आग्रह धरा आणि घरच्या मापांशी ताडून पाहा. कायद्यानुसार ६० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे, पण ती मुदत अर्ज सर्व बाबतींत पूर्ण झाल्यावर मोजतात.

प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करण्याची परवानगी, एक वर्षाचं असतं. त्या मुदतीत काम सुरू झालं तर नूतनीकरण लागत नाही, म्हणून काम सुरू केल्याची लेखी सूचना पालिकेला देऊन पोच जपून ठेवा. काम चालू असताना मोह होतो तो बाल्कनी थोडी पुढे काढण्याचा. मिस्त्री सांगतो, "सळई आहेच, दोन फूट अजून काढू." ते दोन फूट सुधारित नकाशा, वाढीव विकास शुल्क आणि तडजोड शुल्क घेऊन येतात, शिवाय कॅन्टिलिव्हरचं, म्हणजे खाली आधार नसलेल्या पुढे आलेल्या भागाचं, लोखंड तेवढ्या लांबीसाठी काढलेलंच नसतं. बदल करायचाच असेल तर शटरिंग लागण्याआधी नकाशा सुधारून घ्या.

काम संपलं की पूर्णत्वाचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र. भोगवटा मिळाला तरी सुरक्षा अनामत आपोआप परत येत नाही. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, अनामत भरल्याची मूळ पावती आणि रद्द केलेला धनादेश जोडून लेखा विभागाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. अनामत ज्याच्या नावाने भरली त्याच्याच खात्यात परत जाते. वास्तुविशारदाने स्वतःच्या खात्यातून भरली असेल तर परतावाही त्याच्याकडे जाईल, म्हणून चलन भरतानाच मालकाच्या खात्यातून भरा.