ॲडलेडमधल्या घरासाठी बॅटरी निवडताना

घरी बॅटरी बसवतोय म्हटल्यावर सांगलीहून दादाचा पहिला प्रश्न, "तिकडेपण लाइट जाते होय?" फारशी जात नाही. २८ सप्टेंबर २०१६ च्या वादळात टॉवर कोसळून सगळं साउथ ऑस्ट्रेलिया राज्य अंधारात गेलं होतं, त्याच्या गोष्टी शेजारी अजून रंगवून सांगतात. एरवी इथे बॅटरी घेतात ती संध्याकाळच्या दरामुळे. दुपारी छपरावरच्या सोलरची जास्तीची वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, दिली की युनिटमागे आम्हाला जेमतेम चार-पाच सेंट मिळतात, आणि रात्री तेच युनिट घ्यायला पन्नास सेंटांच्या आसपास पडतात. दुपारी सगळी गल्लीच वीज विकायला बसलेली असते, भाव पडणारच.

त्यात १ जुलै २०२५ पासून इथल्या केंद्र सरकारने घरगुती बॅटरीवर साधारण ३० टक्के सवलत सुरू केली आणि विक्रेत्यांचे फोन सुरू झाले. प्रत्येकाचं एकच पालुपद: सवलत आहे, मोठी घ्या. आम्ही आधी स्मार्ट मीटरचे आकडे काढले. सूर्य मावळल्यापासून सकाळपर्यंत, एसी धरून, आमचे दहा-अकरा युनिट जातात. दादाच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे १२ व्होल्ट गुणिले १५०, १८०० वॅट-तास, म्हणजेच १.८ युनिट, आणि ती टिकवायची तर त्यातलेही निम्मेच वापरायचे. इथे १३.५ युनिटची एक पेटी भिंतीवर टांगली की आमची रात्र निघते. चाळीस युनिटची घेऊन करायचं काय? जुलैत इथे हिवाळा, दिवस लहान, आमच्या पॅनेलवर ती अर्धीसुद्धा भरणार नाही. माहितीपत्रकात एकूण क्षमता ठळक छापतात. प्रत्यक्ष वापरता येणारी खाली बारीक अक्षरात असते, ती बघायची.

युनिट किती साठतात याइतकंच, एका वेळी किती किलोवॅट बाहेर पडतात हेही महत्त्वाचं. ओव्हन, इंडक्शन आणि एसी एकदम चालू झाले की सात किलोवॅट सहज लागतात. बॅटरी पाचच देत असेल, तर उरलेले दोन त्या महागड्या ग्रिडकडूनच येतात, बॅटरी भरलेली असली तरी.

आणि दादा, बॅटरी आहे म्हणजे लाइट गेल्यावर घर चालूच राहील असं नाही! बॅकअपचं वायरिंग वेगळं करून घ्यावं लागतं, त्याचे पैसे वेगळे. ते नसेल तर ग्रिडबरोबर बॅटरीही बंद. आम्ही फक्त फ्रिज, दिवे आणि वायफाय बॅकअपवर घेतलेत.

रसायनात आम्ही फार घोळ घातला नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. निकेल-कोबाल्टवाल्या लिथियम बॅटरीपेक्षा ती वजनाला जास्त, पण उष्णतेला जास्त टिकाव धरते, आणि भिंतीवर वजनाची काय चिंता? उष्णतेची मात्र आहे. २४ जानेवारी २०१९ ला ॲडलेडमध्ये पारा ४६.६ अंशांवर गेला होता. म्हणून पश्चिमेची भिंत बाद. इथे सूर्य उत्तरेकडून जातो, पॅनेलही उत्तरेला तोंड करून, त्यामुळे सावलीची भिंत दक्षिणेची. एवढी महागाची वस्तू यमाच्या दिशेला ठेवायची, हे आईला पटवण्यात मात्र बराच वेळ गेला.

वॉरंटी बहुतेकांची दहा वर्षांची, आणि तेव्हा मूळ क्षमतेच्या ७० टक्के उरेल अशी हमी. काही कंपन्या मात्र एकूण किती वीज आत-बाहेर झाली त्यावरही मर्यादा घालतात. वीज कंपनीला आपली बॅटरी गर्दीच्या वेळी वापरू द्यायची आणि त्याचे पैसे घ्यायचे, अशीही योजना असते. आम्ही तूर्तास नाही म्हटलं, कारण संध्याकाळी तीच वीज आम्हाला हवी असते.

दादा आता सांगलीत छपरावर सोलर घेतोय, आणि अशीच पेटी लावू का म्हणून विचारतोय. महावितरणच्या नेट मीटरिंगमध्ये दिवसा दिलेले युनिट बिलात वळते होत असतील, तर एवढा खर्च कशाला? पंखे-दिव्यांना त्याचा जुना इन्व्हर्टर पुरतो. बॅटरी बदलायची वेळ आली की लिथियम घे, पण तुझ्या इन्व्हर्टरमध्ये लिथियमच्या चार्जिंगची सोय आहे का, ते आधी विचार.