शाळेच्या वार्तापत्रात कोणाची नावे येतात

गेली सहा वर्षे आमच्या शाळेचे सत्रवार्तापत्र मी संपादित करते. 'संपादित' हा शब्द जरा मोठाच झाला. सत्र संपायला तीन आठवडे उरले की निरनिराळ्या शिक्षकांच्या मागे लागून कागद गोळा करायचे, त्यांतले शुद्धलेखन सुधारायचे, छायाचित्रे कापून बसवायची आणि पहिल्या पानावर मुख्याध्यापकांचे मनोगत घालायचे, असे ते काम आहे. चार पानांत स्पर्धांचे निकाल, सहलीचा वृत्तान्त, विज्ञान प्रदर्शन, नाटक आणि शेवटच्या कोपऱ्यात 'कर्मचारी वृत्त' एवढे सगळे मावते, आणि मावले की आपण सुटलो असे मला दर वेळी वाटत आले आहे.

या सत्रात कामाला बसण्यापूर्वी मी मागचे सगळे अंक काढले आणि लाल पेन्सिलीने विद्यार्थ्यांच्या प्रत्येक नावाखाली रेघ ओढत गेले. हेतू अगदी क्षुल्लक होता. एका मुलीचे आडनाव आपण दोन अंकांत दोन प्रकारे छापले आहे अशी मला शंका होती आणि तिच्या पालकांचे पत्र येण्यापूर्वी ती मला फेडून घ्यायची होती. चौथ्या अंकापर्यंत मी ते आडनाव विसरले. जी मुलगी धावण्यात पहिली तीच वक्तृत्वात दुसरी, तीच प्रदर्शनात गटप्रमुख आणि तीच छायाचित्रात मध्यभागी उभी, असे पानांमागून पाने दिसत होते. त्याच वेळी मी ज्या वर्गाला तीन वर्षे शिकवले, त्या वर्गातील कितीतरी मुलांच्या नावाखाली मला एकदाही पेन्सिल टेकवावी लागली नाही. ती मुले रोज शाळेत येत होती, गृहपाठ करत होती, फळा पुसत होती. वार्तापत्रावरून मात्र ती शाळेत होती असे सिद्ध करता आले नसते.

याचा दोष मी प्रथम आम्हा शिक्षकांच्या आळसावर टाकला आणि तो बऱ्याच अंशी तेथेच राहील. काम सोपवले की पुन्हा पाहावे लागत नाही, असे पाचसहा विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतात आणि घाईच्या दिवसांत हात त्यांच्याकडेच जातो. खेळांच्या निवडीत तर आपल्या डोळ्यांचीही फसवणूक होते. कॅनडातील रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की तेथील कनिष्ठ स्तरावरील उत्तम आइस हॉकी (बर्फावरची हॉकी) संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू फार मोठ्या प्रमाणात आहेत, कारण वयोगट १ जानेवारीपासून मोजला जात असे आणि त्या वयात दहा-अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे उंची आणि ताकद यांचेच अंतर असते. आपण ज्याला गुण म्हणून निवडतो ते कधीकधी केवळ आधी जन्मलेले असते. निवडलेल्याला सराव मिळतो, सरावाने तो खरोखरच चांगला होतो, आणि पुढच्या वर्षी आपली निवड अचूक होती असे आपल्याला वाटू लागते.

दुसरे कारण शाळेच्या आकाराचे आहे आणि ते मला अधिक अस्वस्थ करते, कारण आमची शाळा गेल्या काही वर्षांत वाढली आहे आणि त्या वाढीचा उल्लेख आम्ही नेहमी अभिमानाने करतो. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कॅन्सास राज्यातल्या माध्यमिक शाळांचा अभ्यास करून तो १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. सर्वांत लहान शाळेत ३५ विद्यार्थी होते आणि सर्वांत मोठ्या शाळेत २,२८७. म्हणजे विद्यार्थी सुमारे ६५ पट. परंतु वर्ग, सामने, मंडळे, तालमी, सभा असे जे जे शाळेत प्रत्यक्ष घडते त्याचे प्रसंग मोजले तेव्हा ते मोठ्या शाळेत फक्त ८ पट भरले आणि त्यांचे प्रकार तर जेमतेम दीडपट. नाटक दोन्हीकडे एकच होते. लहान शाळेत ते उभे करायचे तर जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी करावेच लागे, लाजऱ्यालाही आणि अडखळत बोलणाऱ्यालाही. मोठ्या शाळेत बहुतेकांच्या वाट्याला प्रेक्षागृहातली खुर्ची येई. लहान शाळांतील मुलांनी आपल्या समाधानाबद्दल बोलताना आपण काय केले हे अधिक सांगितले, तर मोठ्या शाळांतील मुलांनी आपण काय पाहिले आणि कशाचा भाग होतो हे सांगितले. आमच्या वार्तापत्रात 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' हे वाक्य सहा वर्षांत किती वेळा आले आहे ते मी मोजले नाही, कारण ते बहुधा मीच लिहिलेले असते.

मग मी ठरवले की या अंकात निकालांना एक स्तंभ द्यायचा आणि उरलेली जागा सत्रभर चाललेल्या कामाला. बक्षीस एका दुपारी मिळते. सत्र मात्र कित्येक आठवडे चालते आणि त्यातले बरेचसे कुठेच नोंदले जात नाही. उदाहरणार्थ, सहावीच्या एका गटाने बियांच्या उगवणीचा प्रयोग मांडला होता. कुंड्यांच्या दोन रांगा, एक उजेडात आणि एक झाकलेली, रोज मधल्या सुट्टीत पट्टीने मोजणी. नवव्या दिवशी झाकलेल्या रांगेत बुरशी आली. मुलांनी सगळे फेकून पुन्हा सुरुवात केली आणि या वेळी पाणी मोजून घातले, कारण बुरशी अंधारामुळे आली की जास्त पाण्यामुळे यावर त्यांच्यात दोन दिवस कडाक्याचे भांडण झाले होते. प्रदर्शनात या प्रयोगाला काहीही मिळाले नाही. त्यांच्या वहीत पहिल्या फेरीखाली 'प्रयोग बिघडला, पण का बिघडला ते अजून नक्की नाही' असे लिहिले आहे. इतके प्रामाणिक वाक्य आमच्या वार्तापत्रात यापूर्वी छापले गेलेले नाही. मी त्यांचा मोजणीचा तक्ता खाडाखोडीसह छापते आहे.

नाटकाचेही तसेच. मागच्या सत्रात आम्ही भूमिका करणाऱ्या सगळ्यांची नावे दिली आणि विंगेत उभे राहून अख्ख्या प्रयोगभर प्रॉम्प्टिंग करणाऱ्या मुलीचे नाव राहून गेले. तिला सर्वांचे संवाद पाठ होते आणि रंगीत तालमीला एक पात्र आजारी पडले तेव्हा ते तिनेच निभावून नेले होते. तिने तक्रार केली नाही. अंक वाटताना तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि दप्तरात ठेवला, एवढेच मला दिसले. या वेळी पडदा ओढणारे, दिव्यांपाशी बसलेले आणि खुर्च्या मांडून पुन्हा उचलणारे यांची यादी मी आधी मागवली आणि अभिनेत्यांची नंतर.

कामाच्या बातम्या शिक्षकांकडून मिळत नाहीत, हेही लवकरच लक्षात आले. आम्ही फार तर 'उपक्रम यशस्वीरीत्या पार पडला' असे कळवतो. म्हणून लिहायला मुलांनाच बसवले. ही कल्पना काही नवी नाही. सेलेस्तँ फ्रेने हा फ्रेंच शिक्षक पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम होऊन परतला. वर्गात फार वेळ मोठ्याने बोलणे त्याला झेपत नसे. दक्षिण फ्रान्समधील बार-सुर-लू या गावच्या शाळेत त्याने १९२४ मध्ये एक लहानसे छपाईयंत्र आणले आणि मुले स्वतः लिहिलेला मजकूर खिळ्यांनी जुळवून छापू लागली. गोगलगायींची शर्यत असो की शेतावरची सकाळ, जे घडले ते त्यांच्या शब्दांत छापले जाई आणि दुसऱ्या शाळांतील मुलांना टपालाने जाई. वॉर्सॉमध्ये डॉक्टर यानुश कोर्चाक यांनी तर ९ ऑक्टोबर १९२६ रोजी एका दैनिकाची पुरवणी म्हणून मुलांनी लिहिलेले वर्तमानपत्रच सुरू केले. देशभरातून मुलांची पत्रे येत आणि त्यांतूनच अंक भरे. ते जवळजवळ तेरा वर्षे चालले. त्याचा शेवटचा अंक १ सप्टेंबर १९३९ चा आहे, ज्या दिवशी पोलंडवर आक्रमण झाले. ही दोन्ही माणसे मुलांचे लिखाण कौतुकापुरते छापत नव्हती. मुलांना जे दिसते ते मोठ्यांना दिसत नाही, असे त्यांना खरोखरच वाटत होते.

मला ते पटायला थोडा वेळ लागला. पाचवीच्या एका मुलाने आंतरवर्गीय फुटबॉल सामन्याचा वृत्तान्त दिला तो असा : 'आम्ही हरलो. त्यांचा गोलरक्षक उंच आहे. आमचा उंच नाही. तीन गोल झाल्यावर तो म्हणाला की मी आता जागा सोडू का, तर आम्ही नाही म्हणालो.' मी सवयीने लेखणी उचलली आणि त्याचे 'अटीतटीच्या लढतीत निसटता पराभव' करून टाकले. तीन गोलांचा पराभव निसटता नसतो, हे मुलानेच मला दुसऱ्या दिवशी सौम्यपणे सांगितले. मी त्याचे मूळ शब्द परत ठेवले.

आता कर्मचारी वृत्ताविषयी. हा मजकूर आजवर कार्यालयातून येत असे, तीन-चार ओळींत : अमुक रुजू झाले, तमुक सेवानिवृत्त झाले, अमुक यांची बदली झाली. मोठ्यांच्या दृष्टीने ती नोंद आहे. मुलांच्या दृष्टीने मात्र अंकात याहून मोठी बातमी दुसरी कोणतीच नसते, आणि आम्ही ती सर्वांत बारीक अक्षरांत छापतो, तीही घटना घडून गेल्यावर दीड महिन्याने.

दोन वर्षांपूर्वी सत्राच्या मध्यावर सातवीचे गणिताचे शिक्षक नोकरी सोडून गेले. शुक्रवारी ते वर्गात होते, सोमवारी नव्हते. तास कधी एकाने तर कधी दुसऱ्याने घेतला आणि मुलांना कोणी काही सांगितले नाही. 'सांगायचे काय' यावरच आमची शिक्षककक्षात चर्चा चालू होती. दरम्यान मुलांनी आपापल्या कथा रचल्या. गुरुवारी एक मुलगा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, सर आमच्यामुळे गेले का? आम्ही चाचणीत खूप कमी मार्क पाडले म्हणून?" वर्गातील निम्म्या मुलांची तीच समजूत होती, असे नंतर कळले. वार्तापत्रात आम्ही पुढे 'वैयक्तिक कारणास्तव' असे छापले, ज्याने कोणाचेच समाधान झाले नाही.

शिक्षक बदलल्याने मुलांचे नुकसान होते ते केवळ नवा माणूस कमी अनुभवी असतो म्हणून, असे मला वाटत असे. न्यूयॉर्क शहरातील चौथी-पाचवीच्या मुलांच्या आठ वर्षांच्या नोंदी तपासून मॅथ्यू रॉनफेल्ट, सुझाना लोब आणि जेम्स वायकॉफ यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वाचल्यावर तो समज ढळला. ज्या इयत्तांत शिक्षकांची ये-जा जास्त, तेथील मुलांचे भाषा आणि गणित या दोन्ही विषयांतील गुण कमी आढळले, आणि ज्यांचे स्वतःचे शिक्षक त्याच शाळेत टिकून होते त्या मुलांवरही हा परिणाम दिसला. जो गेला त्याच्याबरोबर कोणते मूल कशाला घाबरते, कोणत्या वर्गाला कोणता धडा पुन्हा शिकवावा लागतो आणि प्रयोगशाळेतले कोणते कुलूप किल्ली उलटी फिरवल्याशिवाय उघडत नाही हे सारे ज्ञानही जाते, आणि राहिलेल्यांचा बराचसा वेळ ते पुन्हा गोळा करण्यात जातो. हा शेवटचा तपशील त्या अभ्यासातला नाही, आमच्या शाळेतला आहे.

त्यामुळे या सत्रापासून आम्ही एक साधी पद्धत ठरवली आहे. कोणी जाणार असेल तर वार्तापत्राची वाट न पाहता वर्गाला आधी सांगायचे : कोण जाणार, कोणत्या दिवसापर्यंत असणार, तास पुढे कोण घेणार आणि अभ्यासक्रम कुठवर आला आहे. कारण सांगायचे की नाही हे जाणाऱ्याने ठरवायचे. आजारपण, घरातली अडचण, प्रसूतीची रजा ही शाळेची बातमी नव्हे, आणि मुलांना कारणापेक्षा पुढच्या सोमवारी दारातून कोण येणार याचीच अधिक काळजी असते. नव्याने आलेल्या शिक्षकांची ओळख करून देतानाही पदव्यांची माळ न लावता मुलांनी विचारलेल्या प्रश्नांची त्यांनी दिलेली उत्तरे छापायची, असे ठरले. पहिलाच प्रश्न 'तुम्ही वह्या रोज तपासता का?' असा आला. नव्या विज्ञान शिक्षिकांनी 'रोज नाही, पण न सांगता' असे उत्तर दिले, आणि त्यांची एवढी पुरेशी ओळख सहावीला आधीच झालेली आहे.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची नावे आजवर या स्तंभात फक्त निवृत्तीच्या वेळी येत. या अंकात प्रयोगशाळा साहाय्यकांवर अर्धा स्तंभ आहे, आठवीच्या दोघींनी लिहिलेला. बुरशी आलेल्या कुंड्या मुलांच्या नकळत फेकून न देता त्या तशाच ठेवून 'आधी नीट बघा, मग फेका' असे त्यांना सांगणारे तेच होते, हे मला त्या मजकुरावरून कळले. गटाच्या शिक्षकांनाही ते ठाऊक नव्हते.

छायाचित्रांसाठी पालकांची संमतिपत्रे अद्याप पूर्ण आलेली नाहीत, तेव्हा काही चौकटी तूर्त रिकाम्या आहेत. मजकूर मात्र चार पानांत बसत नाही. नाटकाच्या पडद्यामागच्यांची अकरा नावे आणि उगवणीच्या तक्त्याच्या शेवटच्या तीन ओळी बाहेर राहत आहेत. पाचवे पान मिळणार नाही असे कार्यालयाने कळवले आहे. सगळी पाने पुन्हा मोजून पाहिली तेव्हा एकच जागा अशी सापडली की जी निम्मी केली असता सगळे नीट बसते. ती पहिल्या पानावर आहे, मनोगताची आहे, आणि उद्या सकाळी पहिल्या तासापूर्वी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन ते त्यांना मलाच सांगायचे आहे.