डोक्यावर कर्ज, पायाशी चिंगी

वर्षातून दहा-बारा वेळा तरी हा प्रश्न मला येतो, आणि दर वेळी आवाज जरा खाली आणून विचारला जातो. "रागावू नका हं, पण एवढं कर्ज असताना कुत्री आणि मांजर कशी काय परवडतात तुम्हाला?" काहींच्या प्रश्नात सल्ला आधीच भरलेला असतो: देऊन टाका कुणाला तरी, कर्ज फिटलं की आणा दुसरी. जणू आमची कुत्री चिंगी म्हणजे सोफा. काहींना मात्र खरंच जाणून घ्यायचं असतं, कारण त्यांच्याही घरात हप्ते आहेत आणि दाराशी शेपूट हलवणारं कुणीतरी आहे. तुम्ही विचारलंत म्हणून, हे त्यांच्यासाठी.

आमची तीन देणी होती. घराच्या दुरुस्तीचं कर्ज, नवऱ्याच्या आजारपणात उचललेलं वैयक्तिक कर्ज, आणि क्रेडिट कार्ड. पहिल्या दोघांचे हप्ते ठरलेले, तारखेला निमूट जायचे. कार्ड तेवढं मानगुटीवर बसलेलं. आणि त्या कार्डावरची सगळ्यात मोठी एकरकमी नोंद चिंगीची होती.

चिंगीची नसबंदी आम्ही दोन वर्षं पुढे ढकलली होती. करायची नव्हती असं नाही. दर महिन्याला हिशेबाला बसलं की ते काम आपोआप "पुढच्या महिन्यात" सरकायचं. मग एकदा माज संपून महिनाभर झाल्यावर ती पाणी फार प्यायला लागली. भांडं भरावं, वळून बघावं तर तळ दिसतोय. मला वाटलं, उकडत असेल. तिसऱ्या दिवशी तिने खाण्याकडे पाठ फिरवली, शेपटीखालचे केस चिकटलेले दिसले, आणि रात्री हाक मारली तर मान न उचलता नुसते डोळे फिरवले. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. म्हणाले, "पायोमेट्रा. गर्भाशयात पू झालाय. सकाळपर्यंत थांबू नका."

माज संपल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांत, नसबंदी न झालेल्या कुत्रीला हे होऊ शकतं. त्यावरचा खात्रीचा इलाज म्हणजे गर्भाशय काढून टाकणं. म्हणजे जे ऑपरेशन आम्ही पैसे वाचवायला दोन वर्षं टाळलं, तेच करावं लागलं. फक्त आता रात्री, तापलेल्या अंगावर, सलाइन लावून आणि पुढे चार दिवस दवाखान्यात ठेवून. बिल ठरवून केलेल्या नसबंदीच्या कित्येक पट. काउंटरवर मी किती झाले हेही विचारलं नाही, कार्ड पुढे केलं. चिंगी वाचली. त्या स्वाइपचा मला आजही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो चोवीस वेळा म्हटलेल्या "पुढच्या महिन्यात"चा.

आता कार्डाचं गणित, कारण ते बहुतेक जण करत नाहीत. मीही केलं नव्हतं. समजा दरमहा ३ टक्के व्याज आहे आणि तुम्ही दर महिन्याला शिलकीच्या ५ टक्के, म्हणजे किमान रक्कम, इमानेइतबारे भरताय. पाचातले तीन व्याजातच जातात. १०० देणं असेल तर वर्षभरात सुमारे ५४ भरून झाल्यावरही ७८ च्या वर उभेच. काहीच भरलं नाही तर ते साधारण किती महिन्यांत दुप्पट होईल, हे ७२ ला महिन्याच्या व्याजदराने भागून कळतं. ही युक्ती लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ सालीच छापून ठेवली आहे. ७२ भागिले ३, म्हणजे २४ महिने. शिवाय जुनी बाकी असताना कार्डावर नवीन खरेदी केली की व्याजमुक्त दिवसांची सवलत सहसा मिळतच नाही. पहिल्या दिवसापासून मीटर चालू. म्हणून आम्ही कार्ड आधी संपवायचं ठरवलं, बाकी दोन हप्ते ठरल्याप्रमाणे. काही लोक सगळ्यात लहान कर्ज आधी मिटवतात, एक तरी नाव यादीतून गेल्याचा हुरूप येतो म्हणून. हुरूप महत्त्वाचा आहे, मान्य. पण आमच्याकडे सगळ्यात महाग कर्ज कोणतं यात शंकाच नव्हती.

आणि मग मी डबा काढला. झाकणावरचं चित्र पुसून गेलेला जुना पत्र्याचा डबा. त्यात दर पगाराला कार्डाच्या हप्त्याच्या दहाव्या भागाइतकी रक्कम, फक्त चिंगी आणि मनीसाठी. (मनी हे मांजराचं नाव. घरात मनी नाही असं कुणीही म्हणालं की ती येऊन बसते.) नवरा वैतागला.

"अगं, तिकडे तीन टक्के भरतोय आणि इकडे पैसे डब्यात कुजवतेस?"

"कुजू देत."

"हे कुठलं गणित?"

गणित त्याचंच बरोबर होतं, हे मी तेव्हाही कबूल केलं. डब्यातले पैसे कार्डात भरले असते तर व्याज वाचलं असतं, आणि वेळ आली असती तर पुन्हा कार्ड वापरता आलं असतं. कागदावर. पण मी त्या काउंटरवर उभी होते. कार्ड हातात असलं की आकडा विचारायचं सुचत नाही. डबा असला की आपल्याकडे किती आहेत ते माहीत असतं, आणि ते माहीत असलं की डॉक्टरांशी बोलता येतं. तेवढ्यासाठी महिन्याला थोडं व्याज जादा जात असेल तर जाऊ दे, तो माझ्या शुद्धीत राहण्याचा खर्च. शेवटी तडजोड झाली: डब्याला मर्यादा घातली. त्या रात्रीच्या बिलाच्या तिसऱ्या हिश्शाएवढे साठले की वरचे सगळे कार्डात.

डॉक्टरांशी बोलण्याचं म्हणाल तर मला सगळ्यात जड गेलं ते हेच. पाळीव प्राण्याच्या बाबतीत पैशाचा विषय काढला की आपण माया मोजतोय असं वाटतं. पहिल्यांदा बोलले तेव्हा मनीचं लघवीचं दुखणं होतं. मी टेबलावर तिला धरून उभी होते, तिची नखं माझ्या बाहीत रुतलेली, आणि मी भिंतीकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, आज माझ्याकडे एवढेच आहेत. यात आधी काय करायला हवं?" त्यांच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. त्यांनी तपासण्यांच्या यादीवर पेनाने दोन खुणा केल्या. लघवीची तपासणी आज. रक्ताची आठवड्याने, औषधाने फरक पडला नाही तर. नंतर जाताना म्हणाले, "आधी सांगितलंत ते बरं झालं. लोक सांगत नाहीत, नुसते परत येत नाहीत." आता मी कुठल्याही उपचाराआधी अंदाजे खर्च कागदावर लिहून मागते आणि काय थांबू शकतं ते विचारते. काही दुखणी थांबत नाहीत, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मनीच्या जागी बोका असता, वारंवार बसत असता आणि लघवी होतच नसती, तर यादीबिदी काही नाही. नळी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत जाऊ शकतो.

कुठे कापायचं आणि कुठे नाही, यावर लोकांशी माझे वाद होतात. लस कापायची नाही. पार्व्हो हा कुत्र्यांना उलट्या-जुलाबांनी खिळवणारा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला, तो जमिनीत महिनोन्महिने तग धरतो, आणि झालाच तर पिल्लाला कित्येक दिवस सलाइनवर ठेवावं लागतं. लशीचा खर्च त्यापुढे किरकोळ. रेबीजबद्दल तर बोलायलाच नको. लक्षणं दिसली की बहुतेक सगळं संपलेलं असतं, आणि तो आपल्यालाही होतो. मात्र सगळ्याच लशी दरवर्षी लागतात असंही नाही. पिल्लूपणीचा कोर्स आणि त्यानंतरचा बूस्टर नीट झाला असेल तर पार्व्हो, डिस्टेंपरसारख्या मुख्य लशी मोठ्या कुत्र्याला तीन वर्षांनी पुरतात, असं जागतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) दरवर्षी, रेबीजची तुमच्याकडच्या नियमाप्रमाणे. हे डॉक्टरांना थेट विचारा, त्यात कंजूषपणा नाही. जंताची गोळी आणि गोचिडांचं औषधही चालूच ठेवलं. गोचिडातून येणाऱ्या तापात प्लेटलेट्स उतरतात, मग चार आठवडे गोळ्या आणि पुन्हा पुन्हा रक्त तपासणं.

कापलं ते खाण्याचं माप. खाण्याच्या डब्यातून अंदाजाने ओतणं बंद केलं, वजनकाटा आणला. चिंगी आठवड्याला किती जास्त खात होती ते बघून लाज वाटली. एकाच पिशवीत आठ-नऊ दिवस जादा निघायला लागले. लॅब्राडॉर कुत्र्यांवरचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला होता. ४८ पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, जन्मभर. कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधे उशिरा दुखायला लागले. अर्थात आपण कमी द्यायचं म्हणजे उपाशी ठेवायचं नाही; किती द्यायचं ते तिचं वजन बघून डॉक्टरांनी ठरवलं. आंघोळ, नखं, दात घरी. दात रोज घासते, प्राण्यांच्या टूथपेस्टने. आपली चालत नाही. कपडे, वाढदिवस, फोटो, सगळं बंद. चिंगीने तक्रार केलेली नाही.

घरगुती औषधांत मात्र कधीही वाचवायला जाऊ नका. मनीला ताप आला तेव्हा नणंद मायेनेच म्हणाली, "अर्धी पॅरासिटामॉल दे की, दवाखाना कशाला?" मांजराला ती गोळी विष आहे, अर्धीसुद्धा. कुत्र्यांच्या पिसवांची पर्मेथ्रिनवाली औषधंही मांजराला मारू शकतात, आणि आयबुप्रोफेन कुत्र्यालाही नको.

विम्याचं बरेच जण विचारतात. तरुण, निरोगी जनावर असेल आणि हप्ता डब्यातून निघत असेल तर जरूर बघा. आधीपासून असलेली दुखणी त्यात धरत नाहीत आणि सुरुवातीचे काही दिवस दावा चालत नाही, हे वाचून सही करा. आमच्या दोघी त्या अटींत बसल्या नाहीत.

आणि ज्यांच्या घरी अजून कुणी नाही पण मुलं हट्ट धरून बसली आहेत, त्यांना माझं उत्तर कडू लागतं: कार्डाची बाकी असताना नवीन आणू नका. सहा महिने आधी डबा भरून बघा. तो भरता येत नसेल तर पिल्लूही सांभाळता येणार नाही. घरात असलेल्याची गोष्ट वेगळी. तो हिशेब आपण दार उघडलं त्या दिवशीच केलेला असतो.

कार्ड मागच्या वर्षी संपलं. बाकी दोन चालू आहेत, अजून काही वर्षं चालतील. परवा चिंगीने नवऱ्याचा मोजा गिळला. माझ्यासमोर, शांतपणे. उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी वगैरे काही पाजलं नाही, तेही घातक असतं. अर्ध्या तासात दवाखान्यात पोचलो. तिथे इंजेक्शन देऊन उलटी करवली, मोजा अख्खा बाहेर आला. मी आकडा विचारला, डब्यातून आणलेले पैसे मोजून दिले, पावती डब्यात टाकली. डबा जवळपास रिकामा झाला. नवरा घरी येऊन बराच वेळ कपाटात काहीतरी शोधत होता. मी विचारलं, काय हवंय?

"दुसरा मोजा," तो म्हणाला. "तो वर ठेवतो."