तुम्ही विचारलंत म्हणून: ते जर्मन विमान खरंच होतं का?

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातल्या जर्मन विमान-आराखड्यांचा अभ्यास करणाऱ्याला एक प्रश्न हमखास येतो. सोबत एखादं रंगीत चित्र असतं. त्यात त्रिकोणी पंखांचं, शेपूट नसलेलं काहीतरी ढगांतून सुसाट चाललेलं असतं. विचारणारा म्हणतो, हे खरंच होतं का, की कुणी नंतर रचलं? आणि तुम्ही ते ठरवता कसं?

या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही, कारण ‘होतं’ याला बरेच टप्पे आहेत. पेन्सिलीचं स्केच, वजन आणि वेगाची आकडेमोड, विंड टनेलमधलं (हवेचा झोत सोडून चाचणी घ्यायच्या बोगद्यातलं) मॉडेल, लाकडी मॉक-अप, अर्धवट बांधलेला नमुना, आणि शेवटी उडालेलं विमान. चित्रांत दिसणारी बहुतेक विमानं दुसऱ्या टप्प्यालाच थांबली. म्हणून विचारायचं ते असं: मे १९४५ च्या आधीचा कोणता कागद हे सांगतो, आणि तो कागद कोणत्या टप्प्याचा आहे? तसा कागद हाती लागत नसेल तर ते विमान टिपणवहीत ‘युद्धोत्तर कथन’ या सदरात जातं. चित्र कितीही देखणं असलं तरी.

सुरुवात नावापासून करावी, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. जर्मन हवाई मंत्रालय, म्हणजे आरएलएम, विमानाच्या सांगाड्याला ८ ने सुरू होणारा क्रमांक द्यायचं: ८-२६२ म्हणजे मेसरश्मिटचं जेट, ८-२२९ म्हणजे हॉर्टेन बंधूंचा ‘उडता पंख’, म्हणजे नुसत्या पंखाचं विमान. जेट आणि रॉकेट इंजिनांना १०९: युंकर्सचं १०९-००४, बीएमडब्ल्यूचं १०९-००३, हाइंकेलचं १०९-०११. हा क्रमांक मिळण्याआधी प्रकल्प कंपनीच्या घरच्या क्रमांकाने ओळखला जायचा. मेसरश्मिट, हाइंकेल आणि ब्लोम उंड फॉस ‘पी’ लावत, युंकर्स ‘ईएफ’, आराडो नुसतं ‘ई’. आरएलएम क्रमांक पुन्हाही वापरले जात. बीएफ १६३ (बीएफ आणि एमई ही दोन्ही मेसरश्मिटचीच आद्याक्षरं) हे स्टॉर्च या छोट्या विमानाच्या तोडीचं म्हणून केलेलं हलकं टेहळणी विमान, आणि एमई १६३ हे रॉकेटवर उडणारं लढाऊ. आकडा एक, विमानं दोन, काडीचा संबंध नाही. १६२ चंही तसंच: आधी मेसरश्मिटचं बॉम्बर, मग हाइंकेलचं जेट. उलट एकाच क्रमांकाखाली निरनिराळे आकार सापडतात. मेसरश्मिट पी.११०१ च्या जुलै १९४४ च्या पहिल्या रेखाटनात इंग्रजी व्ही आकाराची शेपटी आहे आणि हवा आत घेणारी तोंडं बाजूला आहेत. अमेरिकन सैन्याला एप्रिल १९४५ मध्ये ओबरआमरगाऊला जो जवळजवळ पूर्ण नमुना मिळाला, त्यात हवा थेट नाकातून आत जाते. त्याच्या पंखांची झुक, म्हणजे ते मागे किती कललेत तो कोन, जमिनीवर असतानाच बदलता यायची. ‘पी.११०१ असं दिसायचं’ हे वाक्य तारखेशिवाय निरर्थक आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. जर्मन डिझायनर अलेक्झांडर लिपिशचं पी.१३ए. ‘कोळशावर चालणारं, आवाजापेक्षा वेगवान जर्मन विमान’ म्हणून हे चित्र सगळीकडे फिरतं. यातलं काय टिकतं? लिपिश १९४३ पासून व्हिएन्नातल्या संशोधन संस्थेत होता. तिथे रॅमजेटमध्ये (वेगामुळेच आत दाबल्या जाणाऱ्या हवेवर चालणाऱ्या इंजिनात) कोळसा जाळायची कल्पना त्याने मांडली, फिरत्या जाळीदार टोपलीत इंधन ठेवून. हे टिकतं. रॅमजेट उभ्या जागी सुरू होत नाही, वेग आल्यावरच पेटतं. म्हणून उड्डाणाला रॉकेटसारखं दुसरं काही लागणारच होतं, आणि बहुतेक चित्रांत नेमकं तेच गाळलेलं असतं. पी.१३ए बांधलंच गेलं नाही. या आकाराचं हळू वेगातलं वर्तन तपासायला एक बिनइंजिनाचं लाकडी ग्लायडर हाती घेतलं होतं. डार्मश्टाटच्या विद्यार्थी-गटाने ते सुरू केलं, सप्टेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात कार्यशाळा गेली, मग म्युनिकच्या गटाबरोबर काम प्रीन आम कीमझे या गावी हललं. दोन्ही शहरांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं डीएम-१. युद्ध संपलं तेव्हा ते अपुरं होतं. अमेरिकनांनी ते पुरं करवून घेतलं आणि जहाजाने नेलं. ते कधी उडालं नाही.

पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या लँगली संशोधन केंद्राच्या पूर्णाकार विंड टनेलमध्ये ते बसवलं, तर उचल (विमान वर धरणारं बल) अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघाली. कारण पंखाची पुढची धार गोलसर होती. ६० अंश झुकलेल्या धारेवर टोकदार पट्टी बसवल्यावर हवा तिथून सुटून पंखावर भोवरे धरू लागली आणि उचल वाढली. भला मोठा उभा पंख (फिन) काढून दुसरी मांडणीही तपासली. म्हणजे या विमानाबद्दल पक्कं मोजमाप आहे ते वेगाचं नाही, उचलीचं आहे. आणि ते जर्मन नाही, अमेरिकन आहे. ‘आवाजापेक्षा वेगवान’ हा शिक्का एका न बांधलेल्या आराखड्याच्या अपेक्षेवरून मारलेला आहे.

कागद कुठे मिळतात? लुफ्टवाफेचं, म्हणजे जर्मन हवाई दलाचं, दप्तर शेवटच्या महिन्यांत फार मोठ्या प्रमाणात जाळलं गेलं. वाचलेलं तांत्रिक साहित्य दोस्त राष्ट्रांनी गोळा केलं, १९४५ मध्ये लंडनला छाननी केली आणि पुढे डेटनच्या राइट फील्डला नेऊन त्याच्या मायक्रोफिल्म केल्या. मूळ सरकारी फायलींपैकी बऱ्याच नंतर जर्मनीला परत गेल्या. त्या फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात आहेत. विमान-खरेदी आणि विकासाची बाजू ‘आरएल ३’ या विभागात बघायची. तिथली सूची ‘इन्वेनिओ’ या प्रणालीत घरबसल्या चाळता येते. अमेरिकन राष्ट्रीय अभिलेखागारात आरएलएमच्या कागदांची मायक्रोफिल्म मालिका टी-१७७, हवाई दलाच्या सर्वोच्च कार्यालयाची टी-३२१. लंडनमधल्या क्यूच्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एअर ४०’ या विभागात ब्रिटिश हवाई गुप्तवार्ता विभागाचे अहवाल. हाइंकेल कंपनीचं दप्तर म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये. लिपिशचे कागद मात्र आयोवा स्टेट विद्यापीठात, कारण तो पुढे आयोवातच स्थिरावला. माणूस जिथे गेला तिथे त्याचा पेटारा गेला, हे धरून चाललं की शोध निम्म्यावर येतो.

संशोधन-अहवालांची वेगळी वाट आहे. बर्लिन-आडलर्सहोफच्या मध्यवर्ती कार्यालयातून ते दोन मालिकांत निघत: ‘एफबी’ म्हणजे संशोधन-अहवाल आणि ‘यूएम’ म्हणजे अभ्यास व टिपणं. झेंगर आणि ब्रेट यांचा रॉकेट-बॉम्बरचा प्रसिद्ध अहवाल यूएम ३५३८ आहे. तळटीपेत असा क्रमांक दिसला की तो उतरवून घ्यावा. यांतल्या बऱ्याच अहवालांची इंग्रजी भाषांतरं नासाच्या आधीच्या अमेरिकन नाका संस्थेने केली आणि आज ती नासाच्या सर्व्हरवर फुकट आहेत. शोधताना जर्मन शब्द दोन्ही पद्धतींनी टाकावा, यू-वर दोन टिंब देऊन आणि टिंबांऐवजी ‘यूई’ लिहून. सूची करणाऱ्यांनी दोन्ही केलंय.

कागद मिळाला की पहिल्यांदा उजव्या कोपऱ्यातली चौकट वाचायची: तारीख, आराखडा क्रमांक, सही. अक्षरं उलटी दिसली तर फिल्म पालथी स्कॅन झालेली आहे. इतर विमानांत हे खपून जाईल, पण ब्लोम उंड फॉसच्या बीव्ही १४१ मध्ये नाही. त्याची काचेची खोली उजव्या पंखावर आणि इंजिन डावीकडच्या धडावर. चित्र उलटलं की विमानच चुकीचं. दुसरा सापळा प्रक्षेपणाचा. जर्मन कागद फर्स्ट अँगलमध्ये आहेत (डावीकडून पाहिलेलं दृश्य उजवीकडे काढायचं), आपल्याकडे इंजिनिअरिंग ड्रॉइंगला शिकवतात तसेच. अमेरिकनांनी पुन्हा काढलेले थर्ड अँगलमध्ये, तिथे डावं दृश्य डावीकडेच. हे न पाहता जोडलेल्या तीन-दृश्यांत डावं-उजवं बदललेलं मी वारंवार पाहिलंय.

मग माप. मायक्रोफिल्मवरून काढलेली प्रत आडवी आणि उभी सारखी ताणलेली नसते. म्हणून पंखविस्तारावरून एक स्केल काढायचं, लांबीवरून दुसरं. दोन्ही जुळले नाहीत तर आधी प्रत सरळ करायची, नंतर मोजायचं. चित्रावर एकही माप नसेल तर आतल्या ओळखीच्या वस्तूला फूटपट्टी करा. युमो ००४ बी (म्हणजे युंकर्सचं १०९-००४) इंजिन ३.८६ मीटर लांब आहे. ३० मिलीमीटरची एमके १०८ तोफ १.०५ मीटर. टायरचं माप पुष्कळदा लिहिलेलंच असतं. एमई २६२ चं मुख्य चाक ८४० × ३०० मिलीमीटरचं. या मापांत बसवल्यावर वैमानिकाचं डोकं काचेबाहेर येत असेल तर ते चित्र युद्धानंतर अंदाजाने काढलेलं आहे.

आकड्यांत तीन ठिकाणी जपायचं. पंखाची झुक पुढच्या धारेवर मोजलीय की जीवेच्या (पंखाच्या पुढून मागे रुंदीच्या) पाव रेषेवर, हे लिहिलेलं नसेल तर दोन स्रोतांत काही अंशांचा फरक पडतो आणि लोक त्यालाच नवी आवृत्ती समजतात. जर्मन अश्वशक्ती, पीएस, म्हणजे ७३५.५ वॅट आणि ब्रिटिश अश्वशक्ती, एचपी, ७४५.७, तेव्हा रूपांतर केलेला आकडा कोणता ते बघा. वजनाच्या रकान्यात ‘लेअरगेविश्ट’ म्हणजे रिकामं, ‘रुस्टगेविश्ट’ म्हणजे साधनसामग्रीसह, ‘श्टार्टगेविश्ट’ म्हणजे उड्डाणाला सज्ज. इंग्रजी पुस्तकांत पहिल्या दोघांची सरमिसळ सर्रास होते.

त्यानंतर कागदावर साधा भागाकार. फोके-वुल्फचं टीए १८३ घ्या, हान्स मुल्टहोपने आखलेलं. पंखविस्तार १० मीटर, पंखाचं क्षेत्र २२.५ चौरस मीटर, उड्डाणाचं वजन ४,३०० किलो. दर चौरस मीटरला १९१ किलो भार, त्या काळच्या जेटला शक्य. इंजिन हाइंकेल ०११, ढकल १,३०० किलो, म्हणजे वजनाच्या ३० टक्के. त्याच जागी ९०० किलोचं युमो ००४ बसवलं की २१ टक्के उरतात. ताशी साडेनऊशेच्या वरचे जे वेग छापले जातात ते ०११ गृहीत धरून काढलेले, आणि त्या इंजिनाचे मोजकेच चाचणी-नमुने तयार झाले होते. शिवाय प्रत्येक कंपनीची गणिताची रीत वेगळी. कंत्राटाच्या स्पर्धेतल्या आराखड्यांचे आकडे एकमेकांशी लावता येईनात, म्हणून डीव्हीएल या संशोधन संस्थेला सगळे एका पद्धतीने पुन्हा मोजायला लावले होते. कंपनीच्या माहितीपत्रकातला वेग म्हणजे विक्रेत्याने सांगितलेला वेग.

माणसांची साक्षही अशीच तोलायची. १९४५ च्या चौकशांत हे डिझायनर नोकरी शोधत होते, आपलं काम मोठं करून सांगण्यात त्यांचा फायदा होता. दशकांनंतरच्या आठवणी आणखी जपून. राइमार हॉर्टेनने १९८० च्या दशकात सांगितलं की ८-२२९ च्या लाकडी आवरणात रडार चुकवायला कोळशाची भुकटी घालायची होती. वाचलेला एकमेव नमुना अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. तिथल्या तपासणीत कोळशाचा पुरावा मिळाला नाही. तरी ‘पहिलं स्टेल्थ विमान’ हे बिरुद चिकटलंच. सोव्हिएत मिग-१५ म्हणजे टीए १८३ ची नक्कल, हेही त्याच जातीचं. दिसण्यातलं साम्य हा पुरावा नव्हे.

मराठी वाचकांकडून येणारा आणखी एक प्रश्न: मुंबईच्या शिवकर बापूजी तळपद्यांचे कागद जर्मनांनी नेले आणि त्यावरून हे सगळं केलं का? जर्मन कामाची साखळी कागदोपत्री सलग दिसते. १९३५ मध्ये बुझेमानने रोमच्या परिषदेत झुकलेल्या पंखाचा सिद्धांत मांडला, १९३९ मध्ये ग्योटिंगेनला लुडविगने त्याची टनेलमध्ये मापं घेतली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फॉन ओहाइनच्या इंजिनावर हाइंकेल १७८ उडालं. या साखळीत बाहेरून काही जोडावं लागेल अशी रिकामी जागा नाही.

भारताशी खरा धागा आहे तो कुर्ट टांकचा. फोके-वुल्फचा हा प्रमुख अर्जेंटिनात पुल्की-२ हे जेट करून बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आला, आणि १७ जून १९६१ ला एचएफ-२४ मारुत हे लढाऊ विमान उडालं. मारुतचा सांगाडा आफ्टरबर्नरच्या (बाहेर पडणाऱ्या वायूत पुन्हा इंधन जाळून ढकल वाढवणाऱ्या) ऑर्फियस इंजिनासाठी आखला होता. ते मिळालं नाही, साधं ऑर्फियस ७०३ बसवावं लागलं, आणि विमान आखलेल्या वेगापर्यंत कधी पोचलं नाही. टीए १८३ च्या कागदात जे गृहीतक म्हणून वाचतो, ते इथे धातूत घडलेलं पाहता येतं. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक मारुत उभं आहे, त्याच्या दोन शेपट-नळ्या जरूर निरखून पाहा.

आणि एक गोष्ट कुठल्याही आराखड्याच्या नोंदीत मी सोडत नाही: ते कोणाच्या हातांनी बांधलं जाणार होतं. हाइंकेल १६२ ची धडं व्हिएन्नाजवळ हिंटरब्र्यूलच्या भुयारात माउटहाउझेन छळछावणीचे कैदी जोडत होते. एमई २६२ ची धडं गुझेन छावणीच्या कैद्यांकडून बेर्गक्रिस्टाल बोगद्यांत. कंपनीच्या कागदात ‘कामाचे तास’ असा रकाना येतो तेव्हा ते तास कोणाचे, हे शेजारी लिहायला हवं. ते टाळून नुसती पंखांची वळणं वाखाणणारं लेखन अपुरं आहे, आणि ते तसं आहे असं मी तोंडावर सांगतो.

स्वतः करून बघायचं असेल तर डीएम-१ पासून सुरू करा. लँगलीचा अहवाल इंग्रजीत आहे, फुकट आहे, मापांसह आकृत्या आहेत. त्यावरून पंखाचं क्षेत्र स्वतः काढा, मग तुमच्याकडच्या कोणत्याही रंगीत चित्राशी ताडून बघा. प्रत्येक नोंदीला तारीख, मालिका, रोल आणि फ्रेम क्रमांक लावा. फ्रेम न लिहिलेली नोंद पुन्हा शोधायला पूर्ण रोल फिरवावा लागतो, आणि एका रोलवर शेकडो पानं असतात.