घाटात तेल तापतंय? जुन्या टर्बो गाडीला जादा ऑइल कूलर बसवताना

बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवला, ती दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर मोठा बसवला आणि पाण्याचा काटा निम्म्यावर स्थिर आहे, की इंजिन थंड आहे असं बहुतेक जण धरून चालतात. पण तेलाचं काय चाललंय ते पाण्याच्या काट्यावर दिसत नाही. वैभववाडीकडून करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, सतत बूस्टवर आणि कमी वेगात ओढत असते. उष्णता भरपूर आणि समोरून वारा तुटपुंजा. हायवेला कागलपर्यंत जाऊन आलं तरी ९५ अंशांवर राहणारं तेल इथं १३०च्या दिशेनं सरकायला लागतं.

म्हणून कूलर घेण्याआधी तेलाच्या तापमानाचा गेज लावा. कूलरसाठी पुढं सँडविच प्लेट (इंजिन ब्लॉक आणि ऑइल फिल्टरच्या मधे बसणारी, तेल कूलरकडं वळवणारी प्लेट) बसवायचीच आहे, तर ती आधीच बसवून तिच्या १/८ एनपीटी आट्यांच्या भोकात सेन्सर घाला. तेल ९० ते ११० अंशांत हवं. चांगलं सिंथेटिक १२० थोडा वेळ सहज सोसतं. १३०च्या वर रोज जात असेल तर तेल पातळ होऊन प्रेशर पडतं, बेअरिंगवरचा थर विरळ होतो आणि तेल लवकर काळं, आंबट होतं. भर घाटातही काटा ११०च्या आत राहत असेल तर तुमच्या गाडीला कूलरची गरज नाही. ते पैसे टायरला घाला.

प्लेट थर्मोस्टॅटवालीच घ्या, म्हणजे तेल तापल्यावरच कूलरकडं सोडणारी, साधारण ८० अंशांना उघडणारी. बिनथर्मोस्टॅटची स्वस्त मिळते, पण जुलैच्या पावसात गगनबावड्याच्या रस्त्यावर तिच्यामुळं तेल ६०-७०च्या वर चढतच नाही. तेल ८०च्या खाली राहिलं की त्यात उतरलेलं पेट्रोल आणि पाणी उडून जात नाही. टर्बो गाडीत मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) ठेवलेलं असतं, त्यामुळं पेट्रोल जरा जास्तच उतरतं. ऑइल कॅपच्या आत पांढरट साय दिसली की समजा तेल गार राहतंय.

दोन लिटरच्या आसपासचं इंजिन आणि २५०-३०० हॉर्सपॉवर असेल तर २३५ मिलिमीटर रुंदीचा, १९ रोचा (तेल वाहणाऱ्या १९ पट्ट्यांचा) कूलर पुरतो. मोकाल किंवा सेट्रॅबचे या मापाचे कूलर जगभर वापरले जातात. २५ रोचा घेण्यापेक्षा १९ रोच्या मागून हवा नीट बाहेर काढा, फरक जास्त पडेल.

आता आटे. माझ्या मते या कामातला सगळ्यात धोक्याचा भाग हाच. फिल्टरच्या स्टडचे आटे काही गाड्यांत ३/४ इंच, इंचाला १६ आटे, यूएनएफ (इंची) असतात, तर काहींत एम२० × १.५ (मेट्रिक). पहिल्याचा व्यास १९.०५ मिलिमीटर, दुसऱ्याचा २०. एम२०चा फिल्टर ३/४च्या स्टडवर चढतो, गॅस्केट दाबलं गेल्यावर हाताला घट्टही लागतो, पण आटे फक्त टोकाला धरलेले असतात. सकाळी गार तेलाचं प्रेशर सहा-सात बारपर्यंत गेलं की फिल्टर उडतो आणि तेल थेट तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवर व्हर्निअर आणि पिच गेज मिळेल. अंदाजानं प्लेट मागवू नका, माप घेऊन मागवा. जुन्या फिल्टरचं गॅस्केट ब्लॉकला चिकटून राहिलेलं नाही ना, तेही नखानं चाचपून बघा.

तसाच दुसरा सापळा फिटिंगमध्ये आहे. होज एएन-१० (होज-फिटिंगचं एक प्रमाणित माप) घ्यायचा, म्हणजे त्याचं नट ७/८ इंच, १४ आटे यूएनएफ. हायड्रॉलिकच्या दुकानात मात्र बीएसपीचा (ब्रिटिश पाइप आट्यांचा) माल जास्त. अर्धा इंच बीएसपीलाही इंचाला १४ आटेच असतात, फक्त व्यास २२.२ऐवजी २०.९५ मिलिमीटर. त्यामुळं बीएसपी निपल एएनच्या नटात जातं, थोडं पकडतं आणि प्रेशर आलं की निसटतं. शिवाय एएनचा कोन ३७ अंशांचा, बीएसपीचा ३०, म्हणजे बसणूक कधीच जुळत नाही. काही ब्रिटिश कूलर बीएसपी पोर्टचे येतात, त्यांना योग्य अ‍ॅडॅप्टरच हवा. हायड्रॉलिकवाल्याकडं 'जेआयसी' असं नाव घेऊन मागा. त्याचा कोन ३७ अंश, तो एएनशी जुळतो. फ्लेअरवर (फिटिंगच्या कोनदार तोंडावर) टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. इथं सील कोनावर होतं, आट्यांवर नाही. टेपचा तुटलेला धागा फिल्टरात अडकला तर ठीक, पण फिल्टरला वळसा देणारा बायपास उघडलेला असेल तर तो टर्बोच्या बारीक तेलवाटेत जाऊन बसेल. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांना तेलाचं बोट लावा, तेवढं बास.

होज कापताना कापायच्या जागी मास्किंग टेप घट्ट गुंडाळून १ मिलिमीटरच्या ग्राइंडर चकतीनं कापा. जाळीच्या तारा विस्कटत नाहीत. मग दोन्ही बाजूंनी कॉम्प्रेसरची हवा मारून आतून पुसून घ्या. रबराचा आणि तारेचा भुसा आत राहिला तर कूलरच्या पट्ट्यांत जाऊन बसतो. फिटिंगचं सॉकेट बसवल्यावर त्याच्या काठाशी होजवर टेपची खूण करा. नट आवळताना होज मागं सरकला तर खुणेवरून लगेच कळतं. स्टीलची जाळी कानसेसारखी घासते, म्हणून होज जिथं काही शिवेल तिथं रबरी स्लीव्ह चढवा. इंजिन माउंटवर हलतं हे धरून लांबीत थोडा ढील ठेवा.

कूलर इंटरकूलरच्या पुढं नको, नाहीतर कूलरमधून तापलेली हवा इंटरकूलरवर येईल आणि तो बूस्टची हवा नीट गार करू शकणार नाही. बंपरचा कोपरा, चाकाच्या पुढची जागा उत्तम. पोर्ट वर ठेवा. खाली ठेवले तर हवा आत कोंडते. कूलर रबरी बुशवर टांगा, चेसिसला थेट कसला की कालांतरानं वेल्ड तडकते. १ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचा डक्ट करून कडा फोमनं बंद करा. पुढचं तोंड कूलरच्या क्षेत्रफळाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं पुरतं. मागं व्हील आर्चच्या लायनरला फटी पाडा. हवेला बाहेर जायला वाट नसेल तर पुढून येणार कशी? ऊस हंगामात ट्रॉलीच्या मागं रांगत जावं लागतं, म्हणून पाच-सहा इंची ओढपंखा आणि ९५-१०० अंशांचा थर्मोस्विच लावणं आपल्याकडं फायद्याचं. पुढं जाळी हवीच. पाचट आणि धूळ फिनमध्ये एकदा तेलकट होऊन बसली की निघत नाही.

भरताना हिशेब असा: १४ मिलिमीटर बोअरच्या होजमध्ये मीटरला सुमारे १५० मिली तेल मावतं, कूलरचं वेगळं. कूलर आधी भरून घ्या. फ्यूएल आणि इग्निशन बंद ठेवून प्रेशर येईपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा. मग आयडलला ठेवून प्रत्येक सांधा टॉर्चनं बघा. थर्मोस्टॅट उघडून कूलरला हात लावल्यावर ऊब जाणवेपर्यंत गाडी चालवा, बंद करा, दहा मिनिटांनी डिपस्टिक बघून तेल पूर्ण करा. गार इंजिनावर मोजून भरलं असेल तर इथं पातळी हमखास खाली आलेली दिसते.

कूलर लावला तरी घाट संपल्यावरचे शेवटचे एक-दोन किलोमीटर बूस्टशिवाय काढा आणि मिनिटभर आयडल देऊनच किल्ली फिरवा. इंजिन बंद झालं की टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जागच्या जागी जळून कोळसा होतं, तिथं कूलर काही करू शकत नाही. आणि कधी बेअरिंग गेलंच, तर इंजिन बांधताना कूलरही नवा घ्या. पट्ट्यांत अडकलेला धातूचा कीस कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही.